न ठोकलेला आकडा

१

जिनदत्त अण्णांची फोर्ड तेल बदलायला माझ्याकडे आली, तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. निपाणीत त्या दिवसांत मोटारी थोड्या, आणि त्यांचं काम करणारा मी एकटा. बेळगावच्या कॅम्पात साहेब लोकांच्या गाड्यांवर शिकून मी गावी परतलो होतो आणि मुरगूड रस्त्याला, तंबाखूच्या एका वखारीला लागून, पत्र्याची शेड टाकली होती.

अण्णा तंबाखूचे व्यापारी. नव्या वखारीला तुळया पाहिजेत म्हणून भाद्रपदात ते एकटेच गाडी घेऊन जांबोटीच्या रानात गेले आणि आलेच नाहीत. तिकडचा पाऊस म्हणजे झाडं पोटात घेणारा. त्यांच्या आईनं, पद्मावती आक्कांनी, माणसं पाठवली. ती चिखलानं माखून रिकाम्या हातांनी परतली. घरानं आशा सोडली होती. आणि मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, सकाळी सकाळी फोर्ड दारात उभी राहिली आणि अण्णा हसत खाली उतरले. ओढ्यावरचा साकव वाहून गेला, ताप भरला, रानातल्या गवळ्यांनी झोपडीत ठेवून घेतलं, असं म्हणाले. पद्मावती आक्कांनी बस्तीत, गावच्या जैन देवळात, अभिषेक केला, गल्लीत साखर वाटली.

मी गाडीखाली शिरून तेलाचा नट सोडला. जाण्याआधी तेल मीच भरलं होतं. एवढा घाटरस्ता, एवढा चिखल. खाली काळंकुट्ट, जळकट वासाचं तेल यायला पाहिजे होतं. थाळ्यात उतरलं ते मधासारखं. बोटांत चोळून बघितलं. काजळी नाही, लोखंडाचा कीस नाही.

"अण्णा, वाटंत कुठं तेल बदललं व्हतं काय?"

"न्हाय रं भरमा. तू भरलेलंच हाय."

"तेल बघून गाडी चाललीच न्हाय असं वाटतंय."

"मग मी काय उडत आलो?" ते हसले. मीही हसलो.

अण्णा तापात होते. कुणा साहेबाच्या ड्रायव्हरनं मधे तेल बदललं असेल, यांच्या ध्यानात नसेल. मी मनाशी तसं जुळवलं, आणि चांगलं तेल ओतून देणं जिवावर आलं म्हणून तेच गाळून परत भरलं. ब्रेकचं काम बाकी होतं, तेव्हा गाडी शेडमध्येच राहिली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या मंडळी, राजमती आक्का, बस्तीला जाता जाता शेडच्या दारात थांबल्या. हातात पूजेचं तबक, बोटाला धरलेली ब्राह्मी. पोर पाच-सहा वर्षांची. आक्का कधी माझ्याशी थेट बोलल्या नव्हत्या. बोलायचं कारणही नव्हतं.

"मिस्त्री, ही गाडी आमचीच हाय न्हवं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या गाडीकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या.

"तुमचीच की, आक्का. दुसऱ्या कुणाची असंल?"

"कशावरनं म्हंता?"

मग मी त्यांना दाखवलं. प्रत्येक इंजिनाला कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. या फोर्डला तो डाव्या अंगाला, पाण्याचा पाईप इंजिनात शिरतो त्याच्या वरच्या सपाट जागेवर असतो. एकेक आकडा पंचानं हातोडी मारून उठवलेला, म्हणून आकडे कधी एका ओळीत नसतात. एखादा वर, एखादा कलता. अण्णांनी ही गाडी कॅम्पातल्या एका साहेबाकडून घेतली तेव्हा पोलिसांत दाखवायला नंबर मीच वाचून दिला होता. त्यातला शेवटचा सात ठोकणाऱ्याचा हात हलल्यामुळं दोनदा उमटला होता, सातामागं त्याची बारीक सावली पडल्यासारखा. मी फडक्यानं जागा पुसली. आकडे तेच. सातामागची सावलीही तीच. नख फिरवलं, ते खाचेत अडकलं.

"बघा. हा सात दुसऱ्या कुठल्या गाडीला सापडायचा न्हाय."

आक्का वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खोटा पाडता येतो का असा?"

"पाडतात की. चोरीच्या गाडीचा नंबर घासून काढतात, दुसरा ठोकतात. पण लपत न्हाय ते."

"तेवढं बघून ठेवा," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळू देऊ नगा."

ब्राह्मी तोवर गाडीपासून लांब, दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. बापाची गाडी आली की पायदानावर चढून बसणारी पोर ती. मी हाक मारली तरी आत आली नाही.

३

लोखंडावर आकडा ठोकला की हातोडीचा दाब खाली मुरतो. वरचा आकडा कानशीनं साफ घासून काढला तरी दबलेलं लोखंड आत तसंच राहतं. त्यावर तेजाब फिरवलं की तेवढाच भाग वेगळा रंगतो आणि मारलेला आकडा पुन्हा वर येतो. कॅम्पात मी ते अनेकदा केलं होतं. माणूस फसवतो, लोखंड फसवत नाही, असं आमचा तिथला उस्ताद म्हणायचा.

दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. पलीकडच्या वखारीत बायका तंबाखू निवडत होत्या, त्यांच्या शिंका आणि बोलणं पत्र्यातून ऐकू येत होतं. मी बारीक कानस घेतली. मनात एवढंच, की वरचा एक पापुद्रा काढायचा, तेजाब लावायचं, खाली दुसरा नंबर नाही हे बघायचं आणि आक्कांना निरोप द्यायचा.

कानस एकदा फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली. आकडे गेले.

नख अडकत होतं एवढ्या खोल खाचा. त्या घासायला अर्धा तास घाम गाळावा लागला असता. त्या पाटीवरच्या खडूसारख्या पुसल्या गेल्या. जागा गुळगुळीत झाली. मी तेजाबाचा बोळा फिरवला आणि थांबलो. खालून जुना नंबर आला नाही. दुसरा आला नाही. जो आता पुसला, तोही आला नाही. लोखंड सगळीकडं सारखंच करडं झालं. जिथं कधीच काही ठोकलं गेलं नाही, तिथंच ते तसं होत असतं.

तेजाब शिळं झालं असेल म्हणून मी कोपऱ्यातल्या भंगारातलं एक इंजिन ओढलं, त्याचा नंबर पार घासून काढला आणि त्याच बाटलीतलं तेजाब लावलं. बघता बघता आकडे वर आले, एकेक ठळक.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. पलीकडच्या बायकांचं बोलणं थांबलं होतं. बहुतेक त्या जेवायला गेल्या असाव्यात. शेडमध्ये दुसरा कुठला आवाज नव्हता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ऊन माथ्यावर आहे, पत्रा तापून तडतडतोय, आणि फोर्डचं इंजिन हाताला ओलसर गार लागतंय. झाडाखालच्या दगडासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तेव्हा नंबर जागेवर होता. सात, आणि सातामागची सावली.

मी कानस हातात घेतली आणि खाली ठेवली. आदल्या दिवशी मला ऊन लागलं असेल. चुकून भलत्याच जागी घासलं असेल. असं मी स्वतःला बराच वेळ सांगत होतो. पण भंगारातलं इंजिन कोपऱ्यात तसंच होतं, तेजाबानं उठलेल्या आकड्यांसकट.

४

आक्का आल्या तेव्हा मी जे झालं ते सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. उलट कुणीतरी पाठीवरचं ओझं घटकाभर धरावं तसा त्यांनी श्वास सोडला.

"माणसाचंबी तसंच हाय," त्या म्हणाल्या.

मी फडक्यानं हात पुसू लागलो. ऐकायचं नव्हतं, पण निघूनही जाता येत नव्हतं.

"चारचौघांत झालेलं सगळं त्यांना ठाऊक हाय. लग्नात कोण रुसलं, कुणाला किती माल दिला, सासूआत्तीच्या गुडघ्याला कुठलं तेल लागतं. दिवस मावळायच्या आत जेवत्यात, पाणी गाळून पित्यात, आधी चुकायचं ते आता चुकत न्हाय. पण दार लावल्यावर आमी दोघं जे बोललो, ते ईचारलं की हसत्यात. 'तूच सांग की' म्हंत्यात. मी सांगितलं की मग ते त्यांना ठाऊक असतं."

"आजारातनं उठलेला माणूस विसरतो, आक्का."

"मीबी तेच म्हनत व्हते मनाला." त्यांनी ब्राह्मीला जवळ ओढलं. "आत्तींना बोलून बघितलं. त्या म्हनाल्या, माझं पोरगं परत आलं, तू अवदसा आठवू नगंस. त्यांचं काय चुकलं? आई हाय ती."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. अण्णांनी ठरवलं होतं की पौर्णिमा झाल्यावर बायकोला आणि पोरीला घेऊन जांबोटीला जायचं. ज्या लोकांनी जीव वाचवला त्यांना भेटून यायचं. पद्मावती आक्कांना ते पटलं होतं. उपकार फेडावेत, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

"कुठल्या गवळ्याकडं, काय नाव, ईचारलं," राजमती आक्का म्हणाल्या. "म्हनाले, नाव कशाला? त्यांनी तुमाला बघायचंय म्हटलंय."

५

निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी गाडी माझ्याकडं तपासायला लावली. थोड्या वेळानं आक्का एकट्याच आल्या. ब्राह्मीला त्यांनी सकाळीच बैलगाडीतून बोरगावला, आपल्या भावाकडं पाठवून दिलं होतं. पोरीला खोकला आहे, असं घरात सांगून.

"तुमीबी जाऊ नगा," मी म्हणालो. "गाडी हलणार न्हाय असं मी करतो."

"उद्या न्हाय हलली तर परवा हलंल. आनि मला न्यायचं न्हाय जमलं तर पोरीच्या मागं लागतील." त्या शांत होत्या. "मी लई इचार केलाय, मिस्त्री. हे जर तिकडनं आले, तर माझा माणूस अजून तिकडंच असंल. त्याला बघायला कुणी गेलंय का? सगळ्यांनी घरात आलेल्याला ओवाळलं."

त्या दाराकडं वळल्या आणि थांबल्या.

"मी परत आले, तर मलाबी तपासून बघा."

"माणसाला कुठं नंबर असतोय, आक्का."

"मग ईचारून बघा," त्या म्हणाल्या. "हे आपलं बोलनं ईचारा."

त्या गेल्यावर मी गाडीतली ठिणगी पाडणारी चारही लाकडी डबडी काढली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. त्यांच्याशिवाय फोर्ड चालू होणं म्हणजे वातीशिवाय दिवा पेटणं. आक्कांनी मन घट्ट केलं असेल, पण माझं झालं नव्हतं.

सकाळी अण्णा आणि आक्का दोघं शेडवर आले. कोवळं ऊन पडलं होतं. अण्णांनी हँडल लावलं, सहज एक फेरा दिला, आणि इंजिन सुरू झालं.

मी कपाटाकडं बघितलं. कुलूप तसंच होतं.

"जरा थांबा, अण्णा. आवाज बरोबर वाटत न्हाय," मी कसंबसं म्हणालो आणि बॉनेटची बाजू वर उचलली.

आत पंखा थांबलेला होता. पट्टा थांबलेला होता. मी हात ठेवला, लोखंडात थरथर नव्हती. सगळं जागच्या जागी, गार आणि गप्प. आणि इंजिनाचा आवाज तर चालू होता. कान जवळ नेला तसं कळलं की तो माझ्यापुढच्या लोखंडातून येतच नाही. तो लांबून येत होता, डोंगरापलीकडून, दाट झाडीतून गाळून आल्यासारखा.

"काय रं भरमा, झालं बघून?" अण्णांनी विचारलं. रागानं नाही. ते माझ्याकडं मायेनं बघत होते.

मी बॉनेट लावलं. आक्का पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि समोर बघत राहिल्या. गाडी गेली.

६

ती दुसऱ्या दिवशी परत आली. दोघंही उतरले. मी वखारीच्या कोपऱ्यावर उभा होतो.

आक्का प्रसन्न होत्या. गालावर रंग होता. मला बघून त्या स्वतःहून पुढं आल्या, भर रस्त्यात सगळ्यांदेखत.

"मिस्त्री, गाडी लई झाक चालली बघा. लई चांगली माणसं हाईत तिकडं. उद्या पोरीला आनायला बोरगावला जातोय, मग तिलाबी एकदा दाखवून आनू."

आवाज तोच. बोलताना पदराचं टोक चिमटीत धरायची लकबही तीच. माझ्या मनात आलं, बाई जाऊन आली, समाधान झालं, विषय संपला. मी तसं मानायला अगदी तयार होतो.

"आक्का," मी म्हणालो, "जायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये तुमी मला काय सांगितलं व्हतं?"

त्या हसल्या.

"काय सांगितलं व्हतं, मिस्त्री? तुमीच सांगा की."

मी तसाच मागं फिरलो. शेडला कुलूप घातलं आणि सायकल काढून बोरगावची वाट धरली.

७

आक्कांचा भाऊ धनपाल माझ्याच वयाचा, उसाची आणि मिरचीची शेती करणारा, सरळ माणूस. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"राजमतीनंबी पोरीबरोबर निरोप धाडला व्हता, की मी सोता आले तरी हिला देऊ नगंस. मला वाटलं, नवरा हरवल्यापासनं तिच्या डोस्क्यावर परिणाम झालाय. आता तुमी आलाय."

"मी काय म्हणतोय ते खरं मानू नगा. फकस्त उद्या तिला गाडीतनं उतरून आत यायला सांगा, जवळनं दोन गोष्टी ईचारा आनि मगच पोर द्या."

"माझ्या भनीला तिच्या माहेरात ये म्हनून सांगायचं?" तो नाराज झाला, पण मला रात्री ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोर्ड आली. धनपालचं घर गावाबाहेर, पुढं मोकळं खळं. जवळपास एक झाड नाही. गाडीचं छप्पर मागं पाडलेलं होतं. दोघं पुढं बसलेले. इंजिनाचा तो लांबून येणारा आवाज खळ्यात पसरला.

"दादा, ब्राह्मीला आन बरं," आक्का गाडीतूनच म्हणाल्या.

"आदी आत तर ये. पानी पी," धनपाल म्हणाला आणि पुढं निघाला.

"न्हाय रं, उशीर व्हतोय. आन तिला."

आवाज ऐकून ब्राह्मी माझ्या मागून उंबऱ्यावर आली. मी तिचा दंड धरला, पण ती पळाली नाही. आईकडं बघत उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आई सावलीत का बसलीया?"

धनपाल चालता चालता थांबला. मीही तेव्हाच बघितलं. खळ्यात ऊन रणरणत होतं, गाडीच्या पितळेवर डोळे ठरत नव्हते. आणि त्या दोघांच्या तोंडांवर, खांद्यांवर पानांची सावली हलत होती. दाट, ओल्या झाडीची सावली, मधेच उन्हाचा एखादा ठिपका सरकणारी. वारा नव्हता. ती हलतच होती. दोघं तिच्यातून आमच्याकडं बघत हसत होते.

धनपाल मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आला. त्यानं पोरीला आत ढकललं, दार लावलं, अडसर घातला आणि दाराला पाठ लावून खाली बसला. बाहेरून कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. इंजिनाचा आवाज ऊन कलेपर्यंत खळ्यात होता. मग तो नव्हता. धुळीत चाकांच्या खुणा बघायला मी गेलो नाही.

८

ब्राह्मी बोरगावातच वाढली. नातीला तोडली म्हणून पद्मावती आक्कांनी त्या घराशी बोलणं सोडलं, आणि नातीचं नाव काढत काढतच त्या गेल्या. निपाणीत अण्णा आणि राजमती आक्का सुखात आहेत. दोघं कधी आजारी पडत नाहीत. गाव त्यांना मान देतं. गाडी अजून माझ्याकडंच येते. मी तेल काढतो, बघतो आणि तेच परत भरतो.

मी एकदाच जांबोटीला गेलो, पाऊस संपल्यावर, पुढच्या वर्षी. खानापूरपर्यंत मोटार मिळाली, पुढं चालत. गावातल्या लोकांना अण्णांची गाडी आठवत होती. ती भाद्रपदात रानात शिरताना त्यांनी बघितली होती, बाहेर पडताना नाही. आत गवळी राहतात का, असं विचारलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "त्या अंगाला कुनीच ऱ्हात न्हाय. गुरंबी जात न्हाईत."

मी दुपारी त्या वाटेनं गेलो. वाट होती तोवर चाललो. मग नुसती झाडी होती, पायाखाली कुजलेला पाला आणि वर पानांत अडकलेला उजेड. किडे ओरडत होते. ते एकदम थांबले, आणि मला तो आवाज आला.

मोटारीचं हँडल फिरवल्याचा. खर्रर्र, अर्धा फेरा. थांबून धाप टाकल्यासारखं. पुन्हा खर्रर्र. इंजिन धरत नव्हतं. मी डावीकडं गेलो, तो आवाज तेवढाच लांब राहिला. उजवीकडं गेलो, तेवढाच. कितीही चाललो तरी तो जवळही येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. शेवटी मी एका जागी उभा राहिलो. काय हाक मारावी ते सुचेना. ओरडलो, "आक्का, पोरगी बोरगावला सुखरूप हाय. मामापाशी हाय."

हँडल थांबलं.

मला वाटलं, उत्तर येईल. मग पुन्हा तो आवाज सुरू झाला, पण आता फेरा पुरता होत होता, आणि धाप दोघांची ऐकू येत होती.